मानेवरची गाठ, पाठीतले पाणी

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांची खरेदी-विक्री राजरोस चालत होती त्या काळात, विक्रीस काढलेल्या अभागी माणसाची किंमत ठरविण्यापूर्वी अनुभवी व्यापारी त्याच्या मानेची मागची बाजू चाचपून पाहत, आणि तेथे त्वचेखाली सरकणारी गाठ बोटांना लागली तर सौदा मोडून पुढे जात. कारण असा माणूस काही काळाने सुस्तावतो, पेंगू लागतो आणि अखेर मरतो, हे त्यांना व्यवहारातून पक्के ठाऊक झाले होते. सिएरा लिओनच्या वसाहतीत वैद्यकी केलेले टॉमस विंटरबॉटम यांनी १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही हकीकत नमूद केली, आणि मानेवरील त्या गाठींना वैद्यकाच्या पुस्तकांत आजही त्यांचेच नाव चिकटलेले आहे. रोगाचे कारण कळण्याच्या शंभर वर्षे आधी त्याची खूण कळलेली होती, आणि ती खूण ज्याच्या अंगावर होती त्याच्या कल्याणासाठी मात्र तिचा उपयोग कोणी केला नाही, ही गोष्ट या रोगाचा विचार करताना मनातून जात नाही.

तो रोग म्हणजे आफ्रिकेतील निद्रारोग. सहाराच्या वाळवंटाखालच्या ३६ देशांच्या मुलुखात, नदीकाठच्या झाडीत, तळ्यांच्या किनाऱ्यांवर आणि सवाना नावाच्या विरळ झाडांच्या गवताळ पठारांवर त्याचे ठाणे आहे. आणि ते तेथेच असण्याचे कारण असे की, तो वाहून नेणारी त्सेत्से माशी त्या मुलुखाबाहेर नांदत नाही. घरमाशीपेक्षा थोडी मोठी, तपकिरी रंगाची आणि विसाव्याला पंख पाठीवर एकावर एक नेमके मिटून बसणारी ही माशी दिवसाढवळ्या चावते, आणि डासांमध्ये जसे केवळ मादीच रक्त पिते तसे येथे नसून नर व मादी दोघेही रक्तावरच जगतात. तिच्या लाळेतून माणसाच्या अंगात शिरणारा ट्रिपॅनोसोमा हा एकपेशी परोपजीवी इतका सूक्ष्म असतो की मिलिमीटरभर लांबीत तसे चाळीस-पन्नास एकापुढे एक मावतील. परंतु त्याला एक चाबकी शेपूट असते आणि तिच्या बळावर तो रक्तात सदैव वळवळत, वाट काढत असतो. चौदाव्या शतकात माली राज्याचा सुलतान मारी जाता हा अशाच विकाराने दीर्घकाळ पेंगत, झिजत मेला, असे इब्न खल्दून या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तेव्हा हा रोग केवळ दरिद्री नावाड्यांचा आणि कोळ्यांचा आहे असे कोणी समजू नये.

त्याची रूपे दोन. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारे पहिले रूप संथ असते. ते माणसाच्या अंगात महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, जवळजवळ मुकाट्याने वस्ती करून असते, आणि आजवरच्या नोंदींतील बहुतेक सर्व रुग्ण त्याचेच आहेत. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील दुसरे रूप उग्र असते. ते गुरांत आणि रानातील हरणांत नांदते, माणसाकडे जणू वाट चुकून येते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याचा ग्रास घेते. पहिले रूप ओळखणे हीच खरी अडचण असल्याने या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

माशी चावलेल्या जागी कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांत लालसर, दुखरा, टणक फोड उठतो. परंतु उग्र रूपात तो जितका दिसतो तितका संथ रूपात दिसत नाही, आणि जेथे अंगावर रोज काहीबाही चावतच असते तेथे एका फोडाची नोंद कोण ठेवणार? त्यानंतर ताप येऊ लागतो. हा ताप ठराविक नसतो. काही दिवस चढतो, मग आपोआप उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि पुन्हा एके दिवशी अंगात कसर भरून येते. डोके दुखते, सांधे धरतात, अंगाला खाज सुटते, चेहऱ्यावर किंचित सूज दिसते, स्त्रियांची पाळी चुकते, आणि मानेच्या मागे, कानाच्या खालच्या बाजूस, न दुखणाऱ्या, बोटाखाली सहज सरकणाऱ्या गाठी येतात. यांतील एकेक लक्षण घेऊन पाहिले तर ते हिवतापाचे असू शकते, विषमज्वराचे असू शकते, क्षयाचे असू शकते. आणि हिवताप तर त्या प्रदेशात इतका सार्वत्रिक आहे की, तापाचा रुग्ण आला की हिवतापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवावा हा तेथील दवाखान्यांचा रिवाजच असतो. गोळ्या घेतल्यावर योगायोगाने ताप उतरतोही. मग रुग्णालाही वाटते की औषध लागू पडले, आणि वैद्यालाही.

ताप असा चढत-उतरत राहतो याचे कारण या परोपजीवीच्या अंगच्या एका विलक्षण शक्तीत आहे. त्याच्या देहाभोवती प्रथिनाचे एक दाट आवरण असते. माणसाच्या रक्तातील प्रतिकारक द्रव्ये त्या आवरणावरून शत्रूला ओळखतात आणि त्याचा फडशा पाडू लागतात. परंतु तेवढ्यात त्यांतील काहींनी आपले आवरण बदललेले असते, आणि सोंग पालटून पुन्हा त्याच गावात शिरणाऱ्या बहुरूप्याप्रमाणे ते नव्या वेषात वाढू लागतात. असे वेष त्याच्या गुणसूत्रांत एक-दोन नव्हे, हजाराहून अधिक साठविलेले असतात. म्हणूनच या रोगावर आजतागायत लस निघू शकलेली नाही, आणि म्हणूनच आजारी माणसाच्या रक्ताचा थेंब एखाद्या दिवशी पाहिला तर त्यात परोपजीवींची दाटी दिसते आणि चार दिवसांनी पाहिला तर एकही दिसत नाही. निदानातील अर्ध्या अडचणी या एका गुणातून उद्भवतात.

मग केव्हातरी, किती काळाने ते आधी सांगता येत नाही, हा जीव रक्तातून मेंदूत आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो, आणि रोगाचा दुसरा टप्पा सुरू होतो. येथे प्रथम बदलतो तो स्वभाव. शांत माणूस चिडखोर होतो, कर्ता माणूस उदास आणि बेपर्वा होतो, कोणी कारणाशिवाय हसतो, कोणी बायकोमुलांवर हात उगारतो, कोणी घर सोडून भटकू लागतो. आणि घरच्यांना वाटते की याला वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली. हात थरथरतात, चालताना तोल जातो, बोलणे अडखळते. हाडावर किंवा स्नायूवर किंचित आघात झाला, दाराच्या कडीला हात लागला किंवा टेबलाच्या कोपऱ्याला कोपर आपटले, की क्षणभर काहीच वाटत नाही आणि मग त्या मानाने कितीतरी अधिक, असह्य अशी कळ येते. हे चमत्कारिक लक्षण केरांदेल नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १९१० साली वर्णन केले, आणि ते इतक्या बारकाईने करता आले याचे कारण असे की, कामगिरीवर असताना तो रोग त्यांना स्वतःलाच जडला होता.

आणि मग झोप. दिवसा रुग्ण बोलता बोलता पेंगतो, हातातला घास तोंडापर्यंत जाण्यापूर्वी त्याचे डोळे मिटतात. परंतु त्याच घरात रात्री चौकशी केली तर कळते की तो रात्रभर जागाच होता, उठत-बसत होता, अंगणात फिरत होता. रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख चोवीस चोवीस तास घेऊन पाहिले तेव्हा असे आढळले की, एकूण झोपेचे तास फारसे वाढलेले नसतात. मोडलेली असते ती रात्र आणि दिवस यांची व्यवस्था. निरोगी माणूस झोपेत बऱ्याच वेळाने स्वप्नावस्थेत शिरतो. हा रुग्ण जागेपणातून थेट स्वप्नावस्थेत कोसळतो, आणि या लहान लहान झोपा चोवीस तासांवर विस्कळीत पसरलेल्या असतात. शेवटी अन्न जात नाही, देह हाडांवर येतो, गुंगी उतरेनाशी होते, आणि उपचार न झाल्यास मृत्यू बहुधा ठरलेला असतो. लागण झाल्यापासून इथवर संथ रूपात साधारण तीन वर्षे जातात. त्यांतील पहिली निम्मी वर्षे अशी की जेव्हा औषध सहज लागू पडले असते, परंतु तेव्हा रोग ओळखू येत नाही, आणि तो कोणालाही ओळखू येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

या रोगाचा जंतू प्रथम माणसाच्या रक्तात दिसला तोही हिवतापाचा शोध घेताना. १९०१ साली गॅम्बियात सरकारी आगबोटीचा एक युरोपियन कप्तान वारंवार येणाऱ्या तापाने आजारी पडला. फोर्ड नावाच्या डॉक्टरांनी हिवतापाच्या संशयाने त्याचे रक्त पाहिले, तर हिवतापाचे जंतू नव्हते आणि काही वळवळणारे किडे मात्र होते. त्याच वर्षाच्या अखेरीस जोसेफ एव्हरेट डटन यांनी तो ट्रिपॅनोसोमा असल्याचे ओळखले. परंतु हा ताप आणि तो जीवघेणा निद्रारोग एकच, हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले युगांडात. व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाची जी साथ उसळली तिने वीस वर्षांत दोन ते तीन लाख माणसे नेली असावीत असा अंदाज आहे. बुसोगा प्रांतातील गावेच्या गावे ओस पडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९०२ साली तपासासाठी मंडळी धाडली. त्यांत आल्दो कास्तेलानी हा तरुण इटालियन डॉक्टर होता. त्याला आरंभी साखळीसारख्या वाढणाऱ्या एका जिवाणूवर संशय होता, परंतु रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला साका पाहत असता त्याला त्यात ट्रिपॅनोसोमा दिसला. पुढल्या वर्षी डेव्हिड ब्रूस तेथे पोहोचले. झुलूलँडमध्ये गुरांच्या नागाना रोगावर काम करून त्सेत्से माशी आणि ट्रिपॅनोसोमा यांचे नाते त्यांनी आधीच उलगडले होते, त्यामुळे कास्तेलानीच्या निरीक्षणाचे मोल त्यांना तात्काळ कळले. त्यांनी पुढे जे केले ते मला प्रयोगशाळेतील शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. बुगांडाचे मुख्य प्रधान अपोलो काग्वा यांच्यामार्फत गावोगावच्या मुखियांना निरोप गेले की, आपल्या हद्दीतील चावणाऱ्या माश्या पकडून पाठवा आणि निद्रारोगाचे रुग्ण आहेत किंवा नाहीत ते कळवा. माश्यांची पुडकी येत गेली, नकाशावर खुणा होत गेल्या, आणि जेथे त्सेत्से तेथे रोग हे एका कागदावर स्पष्ट झाले. या कामाची किंमतही द्यावी लागली: तपास मंडळातील लेफ्टनंट टुलक यांना काम करतानाच लागण झाली आणि १९०६ साली ते त्या रोगाने वारले. त्यानंतर गव्हर्नर हेस्केथ बेल यांच्या हुकमाने सरोवराचा किनारा निर्मनुष्य करण्यात आला. साथ ओसरली, परंतु ज्यांची घरे, शेते आणि मासेमारी गेली त्यांच्या दुःखाचा हिशेब त्या वेळच्या सरकारी दप्तरात शोधू नये.

निदान गावात कसे होते ते जवळून पाहिल्याखेरीज त्याची कल्पना येत नाही. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही, दवाखान्यानेच रुग्णाकडे जायचे, हा या कामाचा मूलमंत्र. आणि तो प्रत्यक्षात आणला ओझेन झामो या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी, १९१७ पासून पुढे, प्रथम उबांगी-शारीत आणि नंतर कॅमेरूनमध्ये. आजही काँगोच्या अंतर्भागात फिरते पथक गावात येते तेव्हा झाडाखाली दोन-चार टेबले मांडली जातात, सूक्ष्मदर्शक जनित्रावर किंवा सूर्यप्रकाशावर चालतात, आणि गावातील सर्वांची, बऱ्या माणसांचीसुद्धा, नावे नोंदवहीत लिहिली जातात. पहिल्या टेबलाशी बोट टोचून रक्ताचा थेंब एका पांढऱ्या पत्र्यावरील वर्तुळात घेतात. त्यावर निळ्या रंगात रंगविलेल्या, मारून सुकविलेल्या ट्रिपॅनोसोमांच्या द्रावणाचा थेंब पडतो, काडीने दोन्ही एकत्र होतात, आणि पत्रा पाच मिनिटे यंत्रावर गोल डुलत राहतो. रक्तात रोगाविरुद्धची प्रतिकारक द्रव्ये असतील तर ते निळे कण एकमेकांस चिकटून त्यांचे बारीक रवे होतात व वर्तुळाच्या कडेकडे सरकतात. नसतील तर थेंब एकसारखा निळसर राहतो. अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत १९७० नंतरच्या दशकात तयार झालेल्या या परीक्षेमुळे एका दिवसात शेकडो माणसे तपासणे शक्य झाले.

परंतु निळे रवे दिसले म्हणून माणूस रोगी ठरत नाही. तो फक्त संशयित ठरतो. मग त्याची मान चाचपतात. गाठ सापडली तर ती अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरून, पिचकारी न जोडलेली नुसती सुई तिच्यात खुपसतात, गाठ हलकेच चेपतात आणि सुईत चढलेला थेंब काचेवर फुंकरून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. लगेच हा शब्द येथे महत्त्वाचा. कारण हा जीव जिवंत असतानाच सहज सापडतो. तो स्वतः डोळ्यांना चटकन दिसत नाही, दिसतात त्या कारणाशिवाय धक्के खाणाऱ्या, बाजूला ढकलल्या जाणाऱ्या पेशी, आणि मग नजर स्थिर केली म्हणजे त्यांच्यामधून सळसळत जाणारी ती पारदर्शक आकृती. गाठ नसेल तर रक्त पाहायचे. आणि संथ रूपात मिलिलिटरभर रक्तात कधीकधी शंभरही परोपजीवी नसतात, त्यामुळे नुसता थेंब पाहून काम भागत नाही. यासाठी जी युक्ती योजिली आहे ती फार सुंदर आहे: रक्त एका छोट्या नळीतील विशिष्ट भुकटीच्या थरातून झिरपू देतात, रक्तपेशींवर ऋण विद्युद्भार अधिक असल्याने त्या थरास चिकटून राहतात, ट्रिपॅनोसोमांवर तो कमी असल्याने ते खाली निसटून येतात, आणि ते खाली आलेले पाणी यंत्रात फिरवून नळीच्या निमुळत्या टोकाशी जे जमेल ते पाहतात. उग्र रूपात हा सारा खटाटोप बहुधा लागत नाही. तेथे रक्तात जंतूंची दाटी असते आणि साध्या काचेवरही ते दिसतात. मात्र तेथे निळ्या रव्यांच्या परीक्षेसारखी सोपी चाळणी नाही.

रोग सिद्ध झाला तरी एक प्रश्न उरे, आणि तोच सर्वांत निर्णायक असे: जंतू मेंदूपर्यंत पोहोचला आहे काय? त्याचे उत्तर मिळविण्यास पाठीतून पाणी काढावे लागे. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवायचे किंवा बसवून पुढे वाकवायचे, कमरेच्या मणक्यांच्या मधल्या फटीत लांब सुई घालायची, आणि थेंब थेंब येणाऱ्या स्वच्छ पाण्यातील पांढऱ्या पेशी मोजायच्या. घन मिलिमीटरमध्ये पाच किंवा त्याहून कमी असतील आणि जंतू दिसत नसतील तर पहिला टप्पा. सहाव्या पेशीपासून दुसरा. या एका आकड्यावर किती अवलंबून होते ते औषधांची हकीकत ऐकल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या टप्प्याची औषधे, सुरामिन किंवा पेंटामिडिन, मेंदूत उतरत नाहीत. आणि दुसऱ्या टप्प्यासाठी दीर्घकाळ सोमलाची संयुगेच काय ती होती. रॉबर्ट कॉख यांनी १९०६-०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातील बेटांवर ॲटॉक्सिल वापरले, त्यात काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली. कॅमेरूनमधील बाफिया येथे झामो यांच्या हाताखालच्या एका डॉक्टराने ट्रायपार्सामाइडचे प्रमाण स्वतःच्या बुद्धीने वाढविले आणि सुमारे सातशे माणसे आंधळी झाली; त्या प्रकरणातच झामो यांचा अधिकार गेला. १९४९ साली मेलार्सोप्रॉल आले; ते टोचताना शिरेची आग होई, आणि ते घेणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच त्या औषधानेच दगावत. पाठीतील पाण्यात पेशी पाच की सहा हे मोजणाऱ्या माणसाच्या नजरेवर, एखाद्याला हे विष द्यायचे की नाही हे ठरत होते. त्या मोजणाऱ्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. परंतु या रोगाचा इतिहास लिहिताना त्यांना पहिल्या रांगेत बसवले पाहिजे असे माझे मत आहे.

गावोगाव फिरण्याचा हा शिरस्ता चालू राहिला तोवर रोग हटत गेला. १९६४ साली साऱ्या आफ्रिकेत मिळून नोंदलेले रुग्ण ४,४३५ होते, आणि हा विषय संपला असे पुष्कळांना वाटले. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांच्या तिजोऱ्या रित्या होत्या, काँगो, अंगोला आणि सुदानचा दक्षिण भाग युद्धांनी पोळत होता. पथके थांबली, सूक्ष्मदर्शकांवर धूळ बसली. १९९८ साली नोंदलेले रुग्ण चाळीस हजारांच्या घरात गेले, आणि न नोंदलेले तीन लाख असावेत असा अंदाज होता. माशी तीच होती, जंतू तोच होता, औषधेही जुनीच होती. फरक पडला होता तो एवढाच की, कोणी शोधायला जात नव्हते. पथके पुन्हा गावांत गेली तेव्हा आकडा उतरू लागला. २००९ मध्ये तो दहा हजारांखाली आला आणि २०१८ पासून दरवर्षी एक हजाराच्या आत राहिला आहे. टोगोने २०२० साली आणि चाडने २०२४ साली, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग आपल्याकडून गेला असा जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला मिळविला.

आपल्या वाचकांचा या रोगाशी संबंध येण्याचे मार्ग दोन. पहिला सहलींचा. टांझानियातील सेरेंगेटी आणि तत्सम अभयारण्ये पाहून परतलेल्या प्रवाशांत उग्र रूपाची लागण आढळलेली आहे. २००१ साली तर असे अनेक पर्यटक एकापाठोपाठ आजारी पडले होते. पूर्व आफ्रिकेतील रानातून आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, अंगावर दुखरा फोड असला, तर डॉक्टरांना प्रवासाची हकीकत न विचारता सांगावी आणि हिवतापासाठी घेतलेले रक्त ट्रिपॅनोसोमासाठीही पाहावयास लावावे. उगीच निळे-काळे कपडे घालून त्या रानात फिरू नये, कारण त्या रंगांकडे ही माशी विशेष ओढली जाते.

दुसरा मार्ग अगदी निराळा आणि विचार करायला लावणारा आहे. त्सेत्से माशी आपल्याकडे नाही, परंतु ट्रिपॅनोसोमाचे एक भावंड आपल्या गुराढोरांत पूर्वापार आहे: घोडे, उंट आणि म्हशी यांना होणारा सर्रा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली पंजाबातील डेरा इस्माईलखान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो पाहिला, आणि ट्रिपॅनोसोमा हा रोगकारक असू शकतो हे दाखविण्याचा मान हिंदुस्थानातील त्या निरीक्षणाकडे जातो. माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे एक द्रव्य निसर्गतःच असते, म्हणून सर्रा माणसाला होत नाही असे शास्त्र सांगत होते. परंतु २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला कित्येक महिने ताप येत-जात राहिला, आणि त्याच्या रक्तात वळवळणारे ट्रिपॅनोसोमा दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्याचा छडा लावला. तो सर्राचाच जंतू निघाला. पाठीतील पाणी निर्दोष होते, सुरामिन दिले गेले आणि रुग्ण बरा झाला. पुढे कळले की, ॲपोलायपोप्रोटीन एल-१ हे ते संरक्षक द्रव्यच त्याच्या रक्तात जन्मतः नव्हते. त्याच्या गावातील १,८०६ जणांचे रक्त तपासण्यात आले. अनेकांच्या रक्तात जंतूशी संबंध आल्याच्या खुणा होत्या, परंतु प्रत्यक्ष जंतू एकाच्याही नव्हता. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत हिवतापासाठी रोज शेकडो काचा पाहणाऱ्या तंत्रज्ञांनी, काचेवर नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले तर ते टाकून न देता वर कळवावे, यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आफ्रिकेतील रुग्णांचे भाग्य मात्र अलीकडे खरोखरच पालटले आहे. फेक्सिनिडाझोल या पोटात घेण्याच्या औषधाला २०१८ साली मान्यता मिळाली. जेवणाबरोबर दहा दिवस गोळ्या घ्यायच्या, आणि रोग फार पुढे गेल्याचा संशय नसेल तर पाठीतून पाणी काढण्याचीही आवश्यकता उरत नाही, कारण हे औषध दोन्ही टप्प्यांवर चालते. त्याहीपुढचे ॲकोझिबोरोल हे तीन गोळ्यांत, एकाच वेळी घेऊन पुरे होणारे औषध आहे; त्याच्या चाचण्यांचे आशादायक निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. निळे रवे दिसले, पण जंतू सापडला नाही, अशा संशयितांना आजवर पुन्हा पुन्हा तपासणीस बोलवावे लागे, आणि शेतीची कामे सोडून ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस येत नसत. हे औषध निरोगी माणसालाही बाधत नाही असे ठरले, तर त्यांना त्याच टेबलाशी तीन गोळ्या देऊन मोकळे करता येईल. अशा संशयितांवरच त्याची सुरक्षितता पाहण्याची चाचणी काँगो आणि गिनी या दोन देशांत हाती घेण्यात आली, आणि २०३० पर्यंत संथ रूपाचा प्रसार पूर्ण थांबवावा हा जागतिक आरोग्य संघटनेचा जो संकल्प आहे, त्याचा बराचसा भरवसा आता तिच्या निकालावर आहे.